मोटारीतील बालसुरक्षा आसनविषयक कायदे

मोटारीतून प्रवास करणाऱ्या लहान मुलांना त्यांच्या वयाला, उंचीला किंवा वजनाला अनुरूप अशा खास आसनात, अथवा सुरक्षापट्ट्याने म्हणजेच सीट बेल्टने बांधून बसविणे ज्या कायद्यांनी बंधनकारक केले आहे, त्यांना बालसुरक्षा आसनविषयक कायदे असे म्हणतात. अशा आसनाला व्यवहारात ‘चाइल्ड सीट’ किंवा ‘कार सीट’ म्हटले जाते. भारतीय कायद्याच्या मूळ इंग्रजी पाठात त्यासाठी ‘चाइल्ड रिस्ट्रेंट सिस्टिम’ ही संज्ञा योजलेली आहे.

अमेरिकेतील टेनेसी राज्याने १९७७ साली असा कायदा केला. त्या देशातील तो पहिला होय. भारतात मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ अन्वये मूळ अधिनियमात कलम १९४ब समाविष्ट करण्यात आले आणि चौदा वर्षांखालील मुलाला सुरक्षापट्ट्याने किंवा बालसुरक्षा आसनाने न बांधता वाहन चालविणे हा स्वतंत्र दंडनीय अपराध ठरला. कोणत्या उंचीच्या किंवा वजनाच्या मुलासाठी कोणते साधन वापरावे, हे मात्र या कलमात सांगितलेले नाही.

कायद्यामागील कारणे

मोटार एखाद्या वस्तूवर आदळून थांबते तेव्हा आतील माणसे मोटारीच्या मूळ वेगानेच पुढे जात राहतात. ताशी ५० किमी वेगाची मोटार एकदशांश सेकंदात थांबली, तर १० किलो वजनाच्या बालकाला जागेवर धरून ठेवण्यासाठी सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. एवढा जोर कोणत्याही माणसाच्या हातांत नसतो. त्यामुळे मांडीवर घट्ट धरलेले मूलही अशा धडकेत हातातून निसटते. तेवढ्याच वेगाने जमिनीवर आदळण्यासाठी सुमारे १० मीटर, म्हणजे साधारणपणे तिसऱ्या मजल्याइतक्या उंचीवरून पडावे लागेल.

मांडीवर मूल घेऊन बसलेल्या व्यक्तीने स्वतः पट्टा लावलेला नसेल, तर धोका आणखी वाढतो. मूल त्या व्यक्तीच्या शरीराच्या आणि समोरच्या भागाच्या मध्ये चिरडले जाते. मोठ्या माणसाने एकच पट्टा स्वतःभोवती आणि मुलाभोवती मिळून लावणे याच कारणासाठी धोक्याचे मानले जाते.

मोटारीतील तीन ठिकाणी जोडलेला सुरक्षापट्टा स्वीडिश अभियंता निल्स बोलीन याने १९५९ साली व्होल्वो कंपनीसाठी विकसित केला. त्याची रचना प्रौढ शरीराच्या मापाने केलेली आहे. प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत पट्ट्याचा खालचा भाग कमरेच्या मजबूत हाडावर टेकतो आणि वरचा भाग खांद्याच्या मध्यावरून छातीवर येतो. लहान मुलाच्या कमरेच्या हाडाचा उंचवटा पुरेसा वाढलेला नसल्याने खालचा भाग सरकून पोटावर चढतो व वरचा भाग मानेवर किंवा गळ्यावर येतो. धडक बसताच पोटातील अवयवांना, मणक्याला आणि मानेला इजा होण्याचा संभव असतो. तान्ह्या बालकाचे डोके त्याच्या शरीराच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते आणि मानेचे मणके अजून पूर्णपणे हाडाचे झालेले नसतात. म्हणून लहान मूल हे प्रौढाची छोटी प्रतिकृती नव्हे, तर त्याच्यासाठी निराळ्या मापाचे साधन हवे, हे या सर्व कायद्यांचे मूलतत्त्व आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजानुसार, योग्य रीतीने वापरलेल्या बालसुरक्षा आसनांमुळे प्रवासी मोटारीतील एक वर्षाखालील बालकांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी, तर एक ते चार वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूचा धोका ५४ टक्क्यांनी कमी होतो.

आसनांचे प्रकार

मुलाच्या वाढीनुसार बालसुरक्षा साधनांचे चार टप्पे मानले जातात.

१. मागे तोंड असलेले आसन: तान्ह्या मुलांसाठी. यात मुलाची पाठ गाडीच्या पुढच्या दिशेला असते. समोरून धडक बसल्यास जोर पाठ, मान व डोके या सर्वांवर सारखा विभागला जातो. समोर चालू स्थितीतील एअरबॅग असेल तर हे आसन पुढच्या जागेवर बसवू नये, कारण उघडणारी एअरबॅग आसनाच्या पाठीवर जोराने आपटते.

२. पुढे तोंड असलेले आसन: यात दोन्ही खांदे, कंबरेच्या दोन्ही बाजू व दोन पायांमधील जागा अशा पाच ठिकाणी मुलाला पट्ट्यांनी बांधलेले असते.

३. बूस्टर आसन: शाळकरी वयाच्या मुलांसाठी. यात स्वतंत्र पट्टे नसतात. मुलाला उंच बसवून मोटारीचाच पट्टा त्याच्या कमरेवर व खांद्यावर योग्य जागी यावा, एवढेच त्याचे काम असते.

४. मोटारीचा नेहमीचा पट्टा: मुलाची उंची पुरेशी झाल्यावर. ही उंची काही देशांत १३५ सेंमी, तर काही देशांत १५० सेंमी मानली आहे.

आसन मोटारीत पक्के करण्यासाठी मोटारीचा पट्टा किंवा ‘आयसोफिक्स’ नावाची पद्धत वापरली जाते. आयसोफिक्समध्ये मोटारीच्या सांगाड्याला जोडलेल्या धातूच्या कड्यांत आसनाचे आकडे अडकवितात. चुकीच्या बसवणुकीचे प्रमाण कमी व्हावे, हा या पद्धतीचा मुख्य हेतू आहे.

इतिहास

मोटारीत लहान मुलांना बसविण्याची आसने १९३० च्या दशकापासून बाजारात होती. परंतु मूल एका जागी राहावे आणि त्याला बाहेरचे दिसावे, एवढाच त्यांचा हेतू होता. १९६० च्या दशकात प्रथमच सुरक्षिततेच्या दृष्टीने विचार सुरू झाला. स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठातील प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांनी अमेरिकेच्या जेमिनी अंतराळयानातील अंतराळवीरांच्या आसनांवरून कल्पना घेऊन १९६४ च्या सुमारास मागे तोंड असलेल्या आसनाचा नमुना तयार केला. यान उडताना निर्माण होणारा जोर अंतराळवीरांच्या संपूर्ण पाठीवर विभागला जात असे; तोच न्याय त्यांनी लहान मुलांना लावला.

अमेरिकेत १९७१ साली बालआसनांसाठी पहिले संघराज्यीय मानक लागू झाले. मात्र आसन कसे असावे हे ठरले, तरी ते वापरलेच पाहिजे असे बंधन पालकांवर नव्हते. टेनेसी राज्यातील बालरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट सँडर्स यांनी असे बंधन घालणारा कायदा व्हावा म्हणून विधिमंडळ सदस्यांकडे पाठपुरावा केला. १९७७ साली तो संमत झाला व १ जानेवारी १९७८ पासून चार वर्षांखालील मुलांसाठी अमलात आला. विधेयक संमत होताना त्यात एक पळवाट शिरली होती: प्रौढ व्यक्तीने मूल हातांत धरलेले असल्यास आसनाची सक्ती नव्हती. धडकेच्या वेळी नेमके हेच मुलाच्या जिवावर बेतत असल्यामुळे टीकाकारांनी या तरतुदीला ‘मुलांना चिरडणारी दुरुस्ती’ असे नाव दिले. १९८१ साली ती रद्द झाली. १९८५ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांनी या स्वरूपाचे कायदे केले.

युरोपात संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा नियम क्रमांक ४४ हा १९८० च्या दशकाच्या आरंभापासून आसनांच्या मान्यतेचा आधार बनला. यात मुलांच्या वजनानुसार गट पाडलेले होते. २०१३ साली आलेल्या नियम क्रमांक १२९ ने वजनाऐवजी उंचीला प्राधान्य दिले, बाजूने होणाऱ्या धडकेची चाचणी आवश्यक केली आणि किमान १५ महिने वयापर्यंत मुलाला मागे तोंड करून बसविणे बंधनकारक ठरविले.

भारतातील कायदा

कलम १९४ब

भारतातील रस्ते वाहतूक मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी नियंत्रित होते. केंद्रीय नियमांतील नियम १३८ नुसार चालकाने, पुढच्या आसनावरील व्यक्तीने आणि पुढे तोंड असलेल्या मागच्या आसनांवरील व्यक्तींनी, जेथे पट्टे बसविलेले आहेत तेथे ते लावणे आवश्यक आहे. पूर्वी या नियमाचा भंग केल्यास अधिनियमाच्या कलम १७७ या सर्वसाधारण कलमाखाली पहिल्या वेळी १०० रुपयांपर्यंत दंड होत असे. मुलांविषयी स्वतंत्र दंडतरतूद नव्हती.

सुधारणा विधेयक जुलै २०१९ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी संमत केले आणि ९ ऑगस्ट २०१९ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. दंडविषयक बहुतेक तरतुदी १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आल्या. कलम १९४ब ला दोन पोटकलमे आहेत. पहिले पोटकलम सुरक्षापट्टा न लावता वाहन चालविणाऱ्या किंवा पट्टा न लावलेल्या प्रवाशांना नेणाऱ्या व्यक्तीसाठी आहे. दुसरे पोटकलम मुलांविषयीचे असून त्याचा आशय असा: चौदा वर्षे पूर्ण न झालेले मूल सुरक्षापट्ट्याने किंवा बालसुरक्षा आसनाने बांधलेले नसताना जो वाहन चालवील, चालवावयास लावील किंवा चालवू देईल, तो एक हजार रुपये दंडास पात्र राहील.

या शब्दरचनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, जबाबदारी मुलावर नसून मोठ्यांवर आहे. दुसरी, ती केवळ चालकापुरती मर्यादित नाही. वाहन चालवू देणाऱ्यावरही ती येते. उभ्याने प्रवासी नेणाऱ्या किंवा अन्य विनिर्दिष्ट प्रकारच्या परिवहन वाहनांना सूट देण्याचा राज्य सरकारचा अधिकार पहिल्या पोटकलमाच्या परंतुकात दिलेला आहे.

अधिनियमाच्या कलम २०० नुसार काही अपराध जागीच तडजोड शुल्क घेऊन मिटविता येतात व ते शुल्क राज्य सरकार ठरविते. त्यामुळे प्रत्यक्ष वसूल होणारी रक्कम राज्याराज्यांत वेगळी असू शकते.

आसनांचे मानक

भारतात बालसुरक्षा आसनांसाठी एआयएस-०७२ हे वाहन उद्योग मानक आहे. त्याची मांडणी मुख्यत्वे वर उल्लेखिलेल्या नियम क्रमांक ४४ ला अनुसरून आहे. त्या नियमातील गट पुढीलप्रमाणे आहेत: गट ० (१० किलोपर्यंत), गट ०+ (१३ किलोपर्यंत), गट १ (९ ते १८ किलो), गट २ (१५ ते २५ किलो) आणि गट ३ (२२ ते ३६ किलो).

मोटारींच्या सुरक्षिततेचे मूल्यांकन करणारा ‘भारत एनकॅप’ हा कार्यक्रम २२ ऑगस्ट २०२३ रोजी जाहीर झाला व १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाला. यात प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी ३२ आणि बालप्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी ४९ गुण असतात. मुलांच्या मापाच्या बाहुल्या बालआसनात बसवून चाचणी घेतली जाते. मूल्यांकन ऐच्छिक असले तरी बालसुरक्षेसाठी तारे स्वतंत्रपणे दिले जात असल्याने खरेदीदाराला ती माहिती उपलब्ध होते. हे तारे मूल आसनात बांधलेले असतानाच्या चाचणीवरून दिलेले असतात. मांडीवर बसलेल्या मुलाला ते लागू पडत नाहीत.

दुचाकीवरील मुले

भारतात असंख्य कुटुंबांचे वाहन दुचाकी हे आहे. पुढे उभे केलेले किंवा आईवडिलांच्या मध्ये बसविलेले मूल हे सर्वत्र दिसणारे दृश्य आहे. अधिनियमाच्या सुधारित कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाने दुचाकीवर हेल्मेट घालणे बंधनकारक असून, त्याहून लहान मुलांसाठी नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे. त्यानुसार १५ फेब्रुवारी २०२२ रोजी अधिसूचना निघाली व एक वर्षाने, म्हणजे १५ फेब्रुवारी २०२३ पासून, पुढील नियम लागू झाले.

• चार वर्षांखालील मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा-जामानिमा, म्हणजे हार्नेस, वापरावा. हा अंगरख्यासारखा असून त्याचे पट्टे चालकाच्या खांद्यांवरून अडकवितात. तो वजनाने हलका, कमीजास्त करता येणारा, जलरोधक व ३० किलोपर्यंत भार पेलणारा असावा.
• नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाने डोक्याला नीट बसणारे हेल्मेट घालावे.
• चार वर्षांपर्यंतचे मूल मागे बसलेले असताना वाहनाचा वेग ताशी ४० किमीपेक्षा जास्त नसावा.

इतर देशांतील तरतुदी

बहुतेक देशांनी वय आणि उंची यांची सांगड घालून नियम केले आहेत. परदेशी नोकरीनिमित्त राहणाऱ्या किंवा तेथे भाड्याने मोटार घेणाऱ्या भारतीय कुटुंबांनाही हे नियम लागू होतात.

युनायटेड किंग्डम: १२ वर्षे वय किंवा १३५ सेंमी उंची, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत बालआसन आवश्यक आहे. हा नियम १८ सप्टेंबर २००६ पासून आहे. टॅक्सीत बालआसन उपलब्ध नसल्यास काही सवलत आहे.

जर्मनी: १ एप्रिल १९९३ पासून सक्ती आहे. १२ वर्षांखालील व १५० सेंमीपेक्षा कमी उंचीच्या मुलांना ती लागू आहे.

जपान: १ एप्रिल २००० पासून सहा वर्षांखालील मुलांसाठी सक्ती आहे.

अमेरिका: कायदे राज्यनिहाय आहेत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१७ पासून दोन वर्षांखालील मुलाला, ठरावीक वजन वा उंची गाठलेली नसल्यास, मागे तोंड असलेल्या आसनातच बसवावे लागते. आठ वर्षांखालील मुलांसाठी मागच्या जागेवर बालआसन किंवा बूस्टर आवश्यक आहे.

संयुक्त अरब अमिराती: १ जुलै २०१७ पासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बालआसन सक्तीचे आहे. भंग झाल्यास ४०० दिरहॅम दंड व चालकाच्या खात्यावर चार काळे गुण नोंदविले जातात.

सिंगापूर: १३५ सेंमीपेक्षा कमी उंचीच्या व्यक्तीसाठी सक्ती आहे, टॅक्सींना सूट आहे.

अंमलबजावणी

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी १६,७१५ जणांनी सुरक्षापट्टा लावलेला नव्हता, आणि त्यांत जवळजवळ निम्मे म्हणजे ८,३३१ जण चालक नसून प्रवासी होते.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर झालेल्या अपघातात मागच्या आसनावर बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. त्यानंतर मागच्या प्रवाशांनीही पट्टा लावण्याच्या नियमाकडे देशाचे लक्ष वेधले गेले. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मोटारीतील सर्व प्रवाशांसाठी पट्ट्याची सक्ती जाहीर केली. मात्र ही चर्चा प्रामुख्याने प्रौढांपुरती राहिली.

केरळमध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये परिवहन आयुक्तांनी बालआसनांची सक्ती टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याचे जाहीर केले होते. चार वर्षांखालील मुलांसाठी मागच्या जागेवर बालआसन, तर चार ते चौदा वर्षे वयाच्या व १३५ सेंमीपेक्षा कमी उंचीच्या मुलांसाठी बूस्टर, असे त्याचे स्वरूप होते. परंतु लोकांची प्रतिक्रिया पाहून राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी सक्ती व दंड लागू होणार नसल्याचे लगेच स्पष्ट केले.

मर्यादा

जागतिक आरोग्य संघटना बालसुरक्षेचा कायदा परिपूर्ण मानण्यासाठी तीन निकष लावते: किमान १० वर्षे वय किंवा १३५ सेंमी उंची होईपर्यंत बालआसनाची सक्ती, ठरावीक वयाखालील किंवा उंचीखालील मुलांना पुढच्या जागेवर बसविण्यास मनाई, आणि आसनाच्या मानकाचा कायद्यात उल्लेख.

या निकषांवर पाहता कलम १९४ब अपुरे ठरते. ‘सुरक्षापट्ट्याने किंवा बालसुरक्षा आसनाने’ या शब्दांतील ‘किंवा’ मुळे दोन्ही साधने समान दर्जाची होतात. दोन वर्षांच्या मुलाला प्रौढांचा पट्टा बांधला तरी शब्दशः कलमाचे पालन झाले असे म्हणता येते, जरी त्या पट्ट्यानेच मुलाला इजा होण्याचा संभव असला तरी. चौदा वर्षांची एकच वयोमर्यादा तान्ह्या बालकाला आणि आठवीतील विद्यार्थ्याला सारखीच लागू होते. पुढच्या जागेविषयी व आसनाच्या मानकाविषयी हे कलम काही सांगत नाही.

दुसरी मर्यादा व्यवहाराची आहे. बालआसनाची किंमत अनेक कुटुंबांना परवडत नाही आणि मूल वाढेल तसे ते बदलावे लागते. एकाच मोटारीत अनेक माणसे बसविण्याची रीत असल्याने आसनासाठी जागाही उरत नाही. ज्या रिक्षांतून शाळकरी मुलांची ने-आण होते, त्यांत पट्टे नसल्यामुळे मुलाला बांधण्याचे साधनच नसते. काही देशांत प्रसूतिगृहे व सामाजिक संस्था आसने अल्पदराने किंवा उसनी देतात. कायद्याच्या सक्तीला अशा सोयीची जोड मिळाल्यास पालन वाढते, असा तेथील अनुभव आहे.

तिसरी मर्यादा समजुतीची आहे. मूल आईच्या मांडीवर सर्वांत सुरक्षित असते, ही भावना स्वाभाविक आहे. टेनेसीच्या कायद्यातील सवलतही याच भावनेतून आली होती. भारतीय कलमात अशी सवलत नाही. मांडीवर धरलेले मूल कायद्याच्या दृष्टीने न बांधलेले मूलच ठरते.

हेही पहा

• सुरक्षापट्टा
• एअरबॅग
• हेल्मेट
• मोटार वाहन अधिनियम, १९८८
• भारतातील रस्ते अपघात